उन्हात वाळवलेले चार सेल

"काका, तुमी फिकीर करू नका. पहिल्या फुंकरीपासून शेवटपर्यंत एकही सूर सुटणार न्हाई!"

नागनाथनं हे वाक्य सोनपेठच्या एस.टी. स्टँडसमोर, कमलबाईच्या हॉटेलात, भर गिऱ्हाइकात, टेबलावर हात आपटून म्हटलं. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्यामुळे तीन कप चहा सांडला. ही पहिली सूचना होती! पण फिजिक्स घेऊन फर्स्ट क्लासमध्ये बी.एस्सी. झालेल्या माणसाला असल्या सूचना ऐकू येत नाहीत.

नागनाथकडे तीन गोष्टी होत्या. एक टेपरेकॉर्डर, एक स्वरकाटा आणि एक वही. टेपरेकॉर्डर मामानं पास झाल्याबद्दल दिलेला. स्वरकाटा, म्हणजे ठोकला की एकच ठराविक सूर देणारा पोलादी चिमटा, कॉलेजच्या प्रयोगशाळेनं मोडीत काढलेला. आणि वहीत तो सगळं लिहायचा. म्हैस किती वाजता पान्हावली हेसुद्धा! नोकरीचे अर्ज टपालात पडले होते, उत्तरं यायची होती, तोवर त्यानं अख्खं सोनपेठ मोजायला घेतलं होतं.

ज्यांना तो "काका" म्हणाला ते त्याचे सख्खे चुलते दत्तराव. शेतकरी माणूस, पण जीव 'तरंग ब्रास बँड'मध्ये अडकलेला. आणि टेबलाच्या पलीकडे, सांडलेला चहा धोतराला लागू नये म्हणून पाय वर घेऊन बसलेले भुजंगराव गुरुजी. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली. घरी तानपुरा, भिंतीवर रेडिओ आणि मनात शास्त्रीय संगीताशिवाय दुसरं काही नाही. या दोघांचं भांडण रोज चारच्या सुमाराला सुरू व्हायचं आणि मानवतची गाडी लागली की संपायचं. गाडीनं दोघांपैकी कुणालाच जायचं नसायचं. नुसती वेळ ठरलेली होती.

"बँड!" गुरुजी म्हणत. "दत्तराव, त्याला वाजवणं म्हणत नाहीत. ब्रेक निकामी झालेली गाडी आहे ती. थांबता येत नाही म्हणून चालू."

"आन तुमचे रेडिओतले बुवा? पाऊण तास नुसतं आ करायलेत! आमच्या म्हशीचा डॉक्टरबी तिला इतका वेळ आ करायला लावत न्हाई."

"त्याला आलाप म्हणतात."

"म्हणा की! आमच्या गल्लीत कुणी तसं वरडलं की लोक पाणी घेऊन पळत येत्यात."

"ते बुवा पाऊण तासानंसुद्धा ज्या षड्जावरून निघाले त्याच षड्जावर परत येतात. केसभर इकडं नाही, तिकडं नाही. तुमचा बँड कुठून निघतो आणि कुठं पोचतो, सांगा बरं?"

"मारुतीपासून निघतो आन मांडवात पोचतो! आणखी कुठं पोचाय पायजे?"

"ओ, भांडून चहा प्या न्हाईतर पिऊन भांडा," कमलबाई भट्टीपासून ओरडायची. "माझे कप अडकवून ठेवू नका!"

दत्तरावांचं म्हणणं मात्र खरं होतं. तरंग बँड मारुतीपाशी जी चीज धरायचा ती मांडवापर्यंत सोडायचा नाही. एकच चीज तासभर! मधे वेलीसारखे फाटे फुटायचे, लोकांना वाटायचं आता हे दोघं हरवले, आणि कुठूनसे वळसा घालून ते पुन्हा पहिल्या ओळीवर येऊन उभे राहायचे. एकदा तर नवरदेव घोड्यावरच झोपला होता आणि मुहूर्त टळून गेला तरी वऱ्हाडातल्या एकाही माणसानं तक्रार केली नव्हती, असं दत्तराव शपथेवर सांगत.

हे 'दोघं' म्हणजे क्लॅरोनेटवर बन्सीधर आणि ट्रंपेटवर सटवाजी.

पण हा सगळा इतिहास होता. बँड अकरा वर्षं बंद होता. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. बन्सीधर तेव्हा जवळच्याच एका खेड्यात, बौद्धवाड्यात राहायचा. त्याचं घर जळालं. बँडच्या लाल कोटांची पेटी त्याच घरात होती, तीही जळाली. क्लॅरोनेट तेवढं बायकोनं लुगड्यात गुंडाळून बाहेर काढलं. सटवाजीचं घर तिथून दोनशे पावलांवर. त्या दिवशी सटवाजी दाराला आतून कडी लावून बसला. त्यानं काही केलं नाही. काहीच केलं नाही, हेच त्याच्या मनाला लागून राहिलं. बन्सीधर बायको आणि लेकीला घेऊन सोनपेठला आला, विहाराजवळ दोन खोल्या बांधल्या, आणि पुढं अकरा वर्षं बाजारात समोरासमोर आले की दोघंही भाजीकडे बघायचे.

आता बन्सीधरच्या सत्यशीलेचं लग्न ठरलं होतं. आणि चार दिवसांपूर्वी सटवाजी टॉवेलात ट्रंपेट गुंडाळून बन्सीधरच्या अंगणात येऊन उभा राहिला होता. बसला नाही, बोलला नाही. बन्सीधरनं टॉवेलाकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, "सा दे."

सटवाजीनं सा दिला. आणि गावभर झालं, तरंग परत वाजणार!

दत्तरावांनी ही बातमी हॉटेलात सांगताना डोळे पुसले. गुरुजींनी चष्मा पुसला, पण म्हणाले, "बँडवाल्याच्या कानाला सा टिकत नाही, दत्तराव. हे मी बन्सीला फार वर्षांपूर्वी सांगितलंय."

खरंच सांगितलं होतं. बन्सीधर विशीत असताना गुरुजींकडे शिकायला गेला होता. गुरुजींनी त्याला उंबऱ्याबाहेरूनच हे वाक्य ऐकवून परत पाठवलं होतं. त्यामागं आणखी काही कारण होतं का, ते गुरुजींनी कधी सांगितलं नाही आणि बन्सीधरनं कधी विचारलं नाही. पण तीस वर्षं ते वाक्य त्याच्या पोटात कुसळासारखं होतं.

"टिकला तर?" दत्तराव म्हणाले.

"शेवटपर्यंत टिकला, तर मी बन्सीला माझ्या बैठकीवर बसवीन आणि त्याच्यामागं स्वतः तानपुरा धरून बसेन! मंजूर?"

"मंजूर! पर ठरवणार कोण?"

अशा वेळी नागनाथ गप्प बसला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण तो उठला आणि म्हणाला, "मी ठरवतो. शास्त्रानं! आधी काट्याचा सूर टेप करायचा, मग बँड टेप करायचा, आन मग दोन्ही ताडून बघायचे."

आणि हात आपटला.

*

लग्नाच्या आदल्या दिवशी नागनाथच्या घराच्या पत्र्यावर तीन गोष्टी वाळत होत्या: कुरडया, मिरच्या आणि बॅटरीचे चार जाडे सेल.

संपत आलेले सेल उन्हात ठेवले की पुन्हा थोडे चालतात, हे त्याची आई पंचफुला गेली वीस वर्षं करत आली होती. का चालतात ते तिला माहीत नव्हतं. नागनाथला माहीत होतं! त्यानं वहीत लिहिलं: उष्णतेमुळे सेलमधील रासायनिक क्रियेस वेग येतो. मग ते सेल बॅटरीत घालून भर दुपारी भिंतीवर उजेड पाडून बघितला. झक्क! नव्यासारखा!

"नवे सेल घे की लेका," दत्तराव म्हणाले. "मांडवात लाईट न्हाई. ऐन वक्ताला दगा देतील."

"काका, प्रयोगानं सिद्ध झालंय. नव्याची गरज न्हाई."

मंडळी, प्रयोग दोन मिनिटं चालला होता. बँड तासभर वाजणार होता. दोन आणि साठ यांतला फरक बालवाडीतल्या पोरालाही कळतो. फर्स्ट क्लासवाल्याला कळत नाही!

लग्नाच्या दिवशी आणखी एक घोटाळा झाला. गुरुजी येणार होते, खास धोतर काढून ठेवलं होतं. पण सकाळी रेडिओची एरियल नीट करायला ते स्टुलावर चढले आणि स्टुलासकट खाली आले. पाय प्लास्टरमध्ये. निरोप आला: "टेप नीट कर. मी घरी ऐकून निकाल देतो."

बन्सीधरला हे कळलं तेव्हा तो वरच्या पुढच्या दोन दातांवर लवंगेच्या तेलाचा बोळा धरून बसला होता. ते दोन दात तीन वर्षं हलत होते आणि ठणकत होते. पण क्लॅरोनेटचं तोंड त्याच दोन दातांवर टेकतं; ते काढले की वाजवणं संपलं. म्हणून त्यानं ते पाळले होते, म्हाताऱ्या बैलासारखे.

"गुरुजी ऐकणार म्हंजे ऐकणारच ना?" त्यानं विचारलं.

"शेवटपर्यंत, बन्सीमामा."

"मग ठीक हाय." त्यानं बोळा थुंकला आणि क्लॅरोनेट उचललं.

पाच वाजून दहा मिनिटांनी, विहारासमोरच्या मांडवात, नागनाथनं स्वरकाटा खुर्चीच्या पाठीवर ठोकून माईकसमोर धरला. टिंग! बन्सीधरनं कान दिला, बोट वर करून सटवाजीला थांबवलं, आणि काट्याच्या त्या सुरातच भीमपलास राग धरला.

काय वाजले दोघं! सुरुवातीला बन्सीधर एकटाच, उन्हं कलायच्या वेळी माणूस घराकडं निघावा तसा, सावकाश. मग सटवाजी हळूच मागून आला, दारात येऊन थबकावा तसा. बन्सीधरनं एक जागा मोकळी सोडली. सटवाजी तिथं आला. मग जे सुरू झालं त्यात ओव्या आल्या, लग्नातली गाणी आली, पोळ्याचा ठेका आला. दोघं कुठल्या कुठं गेले आणि दर वेळी वळसा घालून त्या पहिल्या सुरावर परत आले. सत्यशीला पांढऱ्या साडीत उभी होती, ती रडायला लागली. तिची आई रडायला लागली. दत्तराव तर असे हमसत होते की वरपक्षाला ते मुलीचे वडील वाटले!

नागनाथनंही डोळे पुसले. फक्त त्यानं एका गोष्टीकडे बघितलं नाही. टेपरेकॉर्डरवरचा लाल दिवा आधी मंद झाला, मग विझला. कॅसेट फिरत होती, मग बघायचं कशाला?

वाजवणं थांबलं. नागनाथनं माईकमध्ये गंभीर आवाजात नोंद केली, "ध्वनिमुद्रण समाप्त. वेळ पाच वाजून एकोणसाठ मिनिटं." आणि तेवढ्यात कॅसेट खट्कन संपली. सेल काढून त्यानं डबीत ठेवले, डबीवर चिठ्ठी लावली. वहीतही सगळं लिहिलं.

*

तिसऱ्या दिवशी गुरुजींच्या घरी बैठक बसली. गुरुजींच्या घरी वीज होती, म्हणून टेपरेकॉर्डर थेट विजेवर लावला. प्लास्टरचा पाय स्टुलावर, त्याच स्टुलावर! दत्तराव भिंतीला टेकून. नागनाथ हातात स्वरकाटा घेऊन, न्यायाधीशासारखा.

टिंग. काटा वाजला. नागनाथनं हातातला काटा ठोकला. अगदी एक!

भीमपलास सुरू झाला. गुरुजींनी डोळे मिटले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा. एका जागी गुरुजींच्या तोंडून चक्क "वा" निघून गेलं. दत्तरावांनी नागनाथला कोपर मारलं.

वीस मिनिटं झाली आणि गुरुजींच्या कपाळावर आठी पडली.

"चढला," ते म्हणाले.

"काय चढलं?"

"सूर. ऐका. चढतोय."

नागनाथनं काटा ठोकला. खरंच! काटा खाली राहिला होता आणि बँड वर निघाला होता. थोडा, मग आणखी. लयही पळायला लागली.

"जोश हाय तो!" दत्तराव ओरडले.

"जोश नाही, घसरण आहे. वरच्या अंगाची घसरण! दोन सूर चढला, दत्तराव. बंद कर रे." गुरुजींनी हात वर केला. नागनाथनं बटण दाबलं. पुढची टेप कुणी ऐकली नाही.

"आवो गुरुजी, लाकडाची भोकं हायती ती! भोकं कशी सरकतील?" दत्तरावांनी शेवटचा प्रयत्न केला.

मंडळी, त्या घरात तेव्हा शहाणं वाक्य एवढं एकच बोललं गेलं. पण ते चौथी पास माणसानं बोललं होतं.

"उन्हानं वाद्य तापतं, सूर चढतो," गुरुजी म्हणाले. "कसलेला वादक ओठानं सावरतो. काय नागनाथ?"

नागनाथनं वही उघडून गणित केलं. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो, हे खरं. पण दहा अंशांनी पाव सूरसुद्धा चढत नव्हता. टेपवर तर दोन चढले होते! पेन्सिल थांबली. गुरुजी वाट बघत होते. आणि प्रयोग आपला होता, काटा आपला होता, सेल आपले होते. त्यांत चूक असणं शक्यच नव्हतं. नागनाथनं लिहिलं: उर्वरित फरक, वादकाचा दोष.

"व्हय गुरुजी," तो म्हणाला. "शास्त्र तसंच म्हणतंय."

गुरुजी जिंकले होते, पण हसले नाहीत. एकदा 'वा' म्हणून बसलेला माणूस जिंकल्यावर नीट हसू शकत नाही.

*

निकाल सांगायला नागनाथ बन्सीधरकडे गेला. सटवाजीही तिथंच होता. लग्नापासून तो रोज यायला लागला होता.

बन्सीधरनं सगळं ऐकून घेतलं. "मला तर तसं लागलं न्हाई," तो म्हणाला. "वाजवताना काटा कानात व्हता माझ्या."

"मामा, मी मोजून बघितलंय."

"मोजून?"

"वहीत हाय."

बन्सीधरनं वहीकडे बघितलं. माणूस खोटं बोलेल, वही कशाला बोलेल?

"माझ्यापायी झालं," सटवाजी एकदम म्हणाला. "अकरा सालं बाजा खुंटीला. ओठच राह्यला न्हाई. मी चढलो आन तुला ओढत नेलं."

"तू कामून वडशील? म्होरं मी व्हतो. कान मपला गेलाय."

"न्हाई, माझी चूक!"

"आरं माझी हाय म्हंतोय ना!"

जगात भांडणं होतात ती तुझी चूक, तुझी चूक म्हणून. हे दोघं आपापली चूक एकमेकांच्या हातून ओढून घेत होते, बाजारात शेवटचं कणीस ओढावं तशी! आणि शेवटी सटवाजी चिडून उठला, "तुला माझी एकबी गोष्ट घ्यायची न्हाई, चूकसुदिक न्हाई!" असं म्हणून निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही नाही.

पुढच्या आठवड्यात बन्सीधर एस.टी.नं परभणीला गेला आणि ते दोन दात काढून आला.

*

दसरा होऊन गेला. ऊन पुन्हा तापायला लागलं. एका दुपारी पंचफुला म्हणाली, "नागू, सत्यशीलेच्या लग्नाची टेप लाव रं. मला तर चुलीपाशीच बसवलं व्हतं, काई ऐकलं न्हाई."

नागनाथनं विजेवर लावली आणि अर्ज लिहायला बसला. बँड वाजला, चढला, पळाला. पंचफुला गहू निवडता निवडता ऐकत होती. तिला चढल्या सुराचं काही वाटलं नाही. आणि टेप पार शेवटाला आली तेव्हा त्यातून एक चिमुकला, चिरका आवाज आला, दुसरीतल्या पोरीनं पाढे म्हणावेत तसा:

"ध्वनिमुद्रण समाप्त. वेळ पाच वाजून एकोणसाठ मिनिटं."

"अगं बया!" पंचफुला हसली. "कुणाची रं ही पोर? किती गुणाची बोलायली!"

नागनाथच्या हातातलं पेन खाली पडलं.

ती गुणाची पोर तो स्वतः होता.

त्यानं वही काढली. सुरू, पाच दहा. समाप्त, पाच एकोणसाठ. एकोणपन्नास मिनिटं! कॅसेटच्या पंचेचाळीस मिनिटांच्या एका बाजूवर! चार मिनिटं जास्त मावली होती आणि त्याच्याच अक्षरात पाच महिने वहीत बसून होती. सेल वीस मिनिटांत थकले होते. कॅसेट हळू फिरत गेली होती. हळू भरलेली कॅसेट विजेवर नेहमीच्या वेगानं फिरवली की सूर चढणारच! बन्सीधर केसभरसुद्धा हलला नव्हता. चढलं होतं नागनाथचं शास्त्र!

तो अनवाणीच पळाला.

बन्सीधर ओट्यावर दोरी वळत बसला होता. नागनाथनं धापा टाकत सगळं सांगितलं. सेल, वेग, एकोणपन्नास मिनिटं. बन्सीधरला त्यातलं फारसं कळलं नाही.

"म्हंजे," त्यानं विचारलं, "कान बराबर व्हता?"

"बराबर होता, मामा."

"शेवटपत्तुर?"

"शेवटपत्तुर."

"तू मोजून सांगायलास का असंच?"

बन्सीधर हसला. हसला तेव्हा पुढची ती काळी फट दिसली, आणि नागनाथनं मान खाली घातली.

"मामा, दात..."

"ते ठणकत व्हते रं," बन्सीधर म्हणाला. फटीतून शब्दाबरोबर थोडी हवा निसटत होती. "आता जेवण चांगलं जातंय." मग म्हणाला, "गुरुजीला सांगितलंस का?"

*

गुरुजींना सांगणं सोपं होतं, पटवणं अवघड. "आधी चढला म्हणालास, आता नाही म्हणतोस. तुझं शास्त्र आहे की कमलबाईचं टेबल?"

"गुरुजी, तुमीच ऐका. पर विजेवर न्हाई. ज्या सेलवर भरलं त्याच सेलवर. तसेच थकत जातील तर सूर जागेवर राहील."

आणि अशा रीतीनं भुजंगराव गुरुजींच्या पत्र्यावर, टळटळीत उन्हात, चिठ्ठी लावलेल्या डबीतले चार सेल पुन्हा वाळायला पडले. गुरुजी काठी टेकत अंगणात येरझाऱ्या घालत होते आणि मोठ्या गवयाची गाडी यायची असावी तसे दर पाच मिनिटांनी विचारत होते, "तापले का?"

दत्तराव बन्सीधरला घेऊन आले. सटवाजीलाही आणलं, दंडाला धरून. बन्सीधर सवयीनं उंबऱ्याबाहेर थांबला.

गुरुजी पुढं झाले. "आत या, बन्सीधरराव," ते म्हणाले.

तीस वर्षं 'बन्सी' ऐकलेल्या माणसानं मागं वळून बघितलं, आणखी कोण आलंय म्हणून!

टिंग. भीमपलास सुरू झाला. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. नागनाथ काटा ठोकत होता आणि ठोकायची गरज नव्हती. सूर जागेवर होता. बन्सीधर गुरुजींच्या बैठकीवर अंग चोरून बसला होता आणि त्याची बोटं मांडीवर चालत होती, भोकं बरोबर झाकत होती. सटवाजीची जागा आली. बन्सीधरनं बोट वर केलं, सटवाजीनं हवेत ओठ आवळले. हातात वाद्य दोघांच्याही नव्हतं.

तिसाव्या मिनिटाला गुरुजी उठले. कोपऱ्यातला तानपुरा आणला, त्याची खोळ काढली, आणि बन्सीधरच्या मागं, जमिनीवर, दुखरा पाय लांब करून बसले. तारा जुळवल्या. बोलले होते तसं.

दत्तराव इतके गप्प होते की कमलबाईनं ओळखलं नसतं!

छत्तिसाव्या मिनिटाला नागनाथला कळलं. सेल पाच महिन्यांनी म्हातारे झाले होते. त्या दिवशी टिकले तेवढेसुद्धा आता टिकणार नव्हते. सूर उतरायला लागला. पाव. अर्धा. आता गुरुजी हात वर करतील, बंद कर म्हणतील.

गुरुजींनी हात वर नेला, पण तो तानपुऱ्याच्या खुंटीकडे. खुंटी किंचित पिळली. तार एवढीशी सैल झाली आणि टेपच्या सुराला जाऊन मिळाली. सूर आणखी उतरला. गुरुजींनी आणखी पिळली. जो माणूस षड्ज केसभर हलला तर रेडिओ बंद करायचा, तो एका थकल्या कॅसेटच्या मागं पायरी पायरी खाली उतरत होता, तिला एकटं न सोडता.

शेवटी क्लॅरोनेट एका लांब, जाड, बैलाच्या हंबरण्यासारख्या सुरावर आलं आणि थांबलं. कॅसेट संपली नव्हती. सेल संपले होते. तारा सैल होऊन नुसत्या फडफडत होत्या.

बन्सीधर मागं वळला. दातांच्या फटीतून हवा सुटली.

"गुरुजी," तो म्हणाला, "सूर सोडला तुमी."

"सोडला," गुरुजी म्हणाले.

आणि त्यांनी तानपुऱ्याच्या भोपळ्यावर कपाळ टेकवलं.

नागनाथनं वही उघडली. तशीच मिटली. ऊन अजून तासभर राहणार होतं. त्यानं टेपरेकॉर्डरचं झाकण उघडून चारही सेल काढले आणि कुणाकडे न बघता पुन्हा पत्र्यावर नेऊन ठेवले.